आडोसा

लग्नाचे हॉल बांधून बांधून कनकलताचा जीव विटला होता. तंजावुरात कुणाच्या हाती थोडी जमीन आणि थोडी हौस एकदम आली की तो कल्याण मंडपम बांधायला निघतो, आणि त्यावरच गावातल्या मूठभर आर्किटेक्टांची चूल पेटते. पुढे जाडजूड खांब, वर गोपुराचा आव आणलेलं काहीतरी, आत हाडं गोठवणारा एसी. मागे भांडी घासायची जागा ठेवायला विसरायचं आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिथं पत्र्याची शेड ठोकायची. हे तिनं इतक्यांदा केलं होतं की आता हात आपोआप चालायचा आणि डोकं घरी झोपलेलं असायचं. कॉलेजात असताना हीच मुलगी वारा, सावली आणि पाणी यांवर तासभर बोलायची आणि ऐकणारे जांभया द्यायचे. पुढे ऐकणारेच उरले नाहीत. गिऱ्हाईक यायचं ते मोबाइलमधला फोटो पुढे करत यायचं, आणि फोटोतली इमारत दुबईची असायची.

साठी जवळ आली होती. गुडघे जिन्याला बोल लावत होते. आणखी एखादा हॉल, मग ऑफिसला कुलूप, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. अशात राजगोपाल आला.

राजगोपालचं कीळवासलला लुगड्यांचं दुकान. लग्नमुहूर्ताचं लुगडं घ्यायचं तर भोवतालच्या खेड्यांतली माणसं बस पकडून त्याच्याकडे यायची. तो मूळचा कनकलताच्याच गल्लीतला, राजवाड्यामागचा. मराठ्यांच्या राज्यात केव्हातरी इकडे आलेल्या आणि मग इकडचीच होऊन गेलेल्या घरांपैकी दोघांचीही घरं. लहानपणी तो तिच्या मागे मागे फिरायचा, त्यामुळे केस पिकले तरी ती त्याची अक्काच राहिली होती. गावाबाहेर कालव्याकाठी त्यानं जमीन घेतली होती आणि तिथं मोठं दुकान-संकुल काढायचं त्याच्या मनात होतं.

"अक्का, डबा नोको मला," तो म्हणाला. "लोक येऊन बसतील, बोलतील, पोरं खेळतील, तसं पाहिजे. घेतले तर घेतले, नाही तर नाही. वडलांच्या दुकानांत चटई घालून ठेवायचे ना, कोणी पण येऊन बसायचे. तसं."

"आणि एसी?"

"तुम्ही नोको म्हणालात तर नोको. तुम्हाला कळतं ते अस्कं करा."

अस्कं, म्हणजे सगळं. कनकलताला आपल्याच कानांची शंका आली. अशी वाक्यं गिऱ्हाइकाच्या तोंडून निघतात हे ती विसरूनच गेली होती.

जमीन तिनं पहिल्यांदा पाहिली ती फेब्रुवारी सरता सरता. मेट्टूरच्या धरणातून सुटणारं पाणी बंद झालेलं, कालवा कोरडा ठणठणीत, त्याच्या तळाशी पोरांचं क्रिकेट चाललेलं. काठावर करंजाच्या झाडांची दाट रांग होती आणि तिच्याखाली गवतात बुडालेल्या जुन्या दगडी पायऱ्या कालव्यात उतरत होत्या. रस्त्यावर फुफाटा उडत होता, पण त्या झाडांखाली पाऊल टाकलं आणि अंगावरचा घाम सुकला. कालवा तिथं वळण घेत होता, म्हणून वारा नेमका तिथं येऊन धडकत होता. त्या पायऱ्यांपैकी एक इतरांपेक्षा बरीच रुंद होती. गवंड्याची चूक असेल, असं म्हणून तिनं मापं घेतली आणि पुढं गेली. उन्हाळाभर ती तिथं जात राहिली, सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला. वारा कुठून येतो, सावली कुठं सरकते, हे ती बघायची. कित्येक वर्षांत तिला जेवणाची आठवण न होता दिवस गेला नव्हता, तो तिथं गेला.

इमारत तिनं त्या करंजांकडूनच उचलली. करंजाची सावली इतकी थंड का, तर पानांवर पानं असतात आणि मधून हवा पळते. तसंच तिनं छप्पर केलं, कौलांचे थरावर थर, मधे फटी, ऊन अडेल आणि ऊब वर निघून जाईल असं. मधे मोठा चौक, आणि चौक सगळा कालव्याकडे उघडा. दुकानं चौकाभोवती. वर लांबलचक गॅलरी, कुठंही उभं राहिलं तरी पाणी दिसेल अशी. चौकातून सरळ त्या जुन्या पायऱ्यांवर उतरायचं. तिथं लोक बसतील, पाण्यात पाय सोडतील. चित्रात तिनं तशी माणसं काढलीसुद्धा, आइस्क्रीम खाणारी पोरं, भाजीची पिशवी बाजूला ठेवून टेकलेली म्हातारी. या इमारतीला मागची बाजूच नाही, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली.

"वाऱ्याशी एवढं बोलूलालीस," तिचे यजमान श्रीनिवासराव म्हणाले. ते तालुका कचेरीतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून घरात बसून बायकोची थट्टा करणं हे त्यांचं काम. "त्यातलं थोडं माझ्याशी पण बोल. मी पण मोकळाच आहें."

"तुम्हाला छप्पर घालायचं नाही ना मला," ती म्हणाली. पण हसली.

मे महिन्यात राजगोपालनं सगळं पाहिलं आणि होकार दिला. जूनमध्ये धरण उघडलं. पाणी गावागावांतून पुढं सरकत आलं आणि एक दिवस कालवा काठोकाठ भरून वाहू लागला. आषाढाच्या सुमाराचा तमिळ आडी महिना लागला, आणि राजगोपालची बायको सरोजा म्हणाली की नवं पाणी आलंय, बांधकामाला हात घालायच्या आधी तिथं जाऊन पाण्याला हळदकुंकू वाहू, फुलं सोडू. डब्यात चित्रान्न भरलं, ताटात हळदकुंकू आणि शेवंती घेतली, आणि तिघं गाडीत बसून निघाली. कनकलता पुढच्या सीटवर. चौक कुठं येईल, छप्पर कुठून सुरू होईल, हे ती हातवारे करून सांगत होती.

गाडी हमरस्ता सोडून काठाकडे वळली आणि लांबूनच पायऱ्यांवर माणसं दिसली. पुष्कळ माणसं. कनकलताला आधी आनंदच झाला.

"बघ राजगोपाल," ती म्हणाली, "बांधायच्या आधीच लोक येऊन बसूलालेत."

गाडी जवळ आली. ओलेत्या वेष्टीत, इकडच्या धोतरात, एक माणूस उकिडवा बसला होता आणि त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं, दाढीमिशाही उतरवलेल्या. शेजारी भटजी. केळीच्या पानावर भाताचे गोळे, तीळ, दर्भ. करंजांवर कावळे जमून बसले होते. त्या रुंद पायरीवर बायकांचा घोळका गोल करून बसला होता, आणि मधली बाई जे रडत होती त्याला रडणं तरी काय म्हणावं, आवाज संपून नुसता श्वास उरला होता. मेलेल्या माणसाचं दिवसकार्य चाललं होतं, इकडची माणसं ज्याला करुमादी म्हणतात ते.

सरोजा एक पाय खाली टाकून उतरत होती, ती तशीच थांबली. हळदकुंकवाच्या ताटावर तिनं पदर ओढला आणि परत आत बसली. पाण्याची पूजा राहिली ती राहिलीच. चित्रान्नाचा डबा मांडीवर घेऊन कनकलता परतीच्या रस्त्यावरचे नारळ बघत राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच, आणि हात तिनंच दाखवला होता, मोठ्या कौतुकानं.

दुकानापाशी उतरताना राजगोपाल म्हणाला, "अक्का, माझ्याकडे मुहूर्ताचं लुगडं घ्यायला येतात. मुलीला घेऊन, आईला, आत्त्याला, अस्क्यांना घेऊन येतात. चौकांत उभं राहून त्यांनी हे बघायचं?"

तो चिडला असता तर भांडता तरी आलं असतं. तो चिडला नव्हता, नुसता काळजीत पडला होता.

घरी श्रीनिवासरावांनी ऐकलं आणि पहिल्यांदा त्यांना हसू आलं. "जन्म इथं गेला तुझा. आणि कालव्यावर करुमादी करतात म्हणून ठाऊक नाही?"

"मला कसं ठाऊक असेल? आपण अस्के तिरुवैयारला जातों. बाबांचं तिकडे, आईचं तिकडे, तुमच्या अण्णांचं तिकडे. कावेरी सोडून कुठं गेलों आपण?"

श्रीनिवासरावांचं हसू गेलं. खरंच होतं. राजवाड्यामागच्या गल्लीतलं कुणीही गेलं की सगळे गाडी करून तिरुवैयारच्या घाटावर जायचे, आणि गावातले बाकीचे लोक आपली माणसं कुठं पोचवतात हा प्रश्नच कधी कुणाला पडला नव्हता. एवढ्या पिढ्या इथं राहून. "उन्हाळ्यांत पाणी नसतं तेव्हां मसणवटीजवळ बोअर आहे, तिकडे करतात बहुतेक," ते म्हणाले. "पाणी आलं की परत इकडे. तू कोरडा कालवा बघितलीस, म्हणून फसलीस."

फसलीस हा शब्द तिच्या मनात रुतून बसला. चार महिने वारा मोजला, सावली मोजली, माणसं मोजायची राहिली. मग पुढचे कितीतरी दिवस ती ऑफिसात जाऊन खुर्चीत बसायची आणि परत यायची. राजगोपालनं एकच सुचवलं होतं, इमारत फिरवा. तोंड रस्त्याकडे करा, कालव्याकडे भिंत घाला. म्हणजे वारा बंद. वारा बंद म्हणजे चौक नुसता भट्टी होणार, मग त्यावर काच येणार, काचेखाली एसी येणार, आणि शेवटी काय उरणार, तर आणखी एक हॉल, फक्त लग्न न लागणारा. तिनं त्याच्याकडे वेळ मागून घेतला. वेळ घेऊन काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर ती दमली होती, आणि या खेपेला झोपून जाणारी दमणूक नव्हती.

एके दुपारी राजगोपालचाच फोन आला. आवाजात उत्साह होता.

"अक्का, मार्ग काढलों. खाली पुलाजवळ जागा आहे ना, तिकडे त्यांना नवी शेड बांधून देतों. नळ, फरशी, अस्कं. वॉर्डातली माणसं सरि म्हणाली, कबूल झाली. इकडच्या पायऱ्या आपल्याला. तुमचं चित्र आहे तसंच राहूंदे. एक रेघ पण बदलू नोका."

"खरं?"

"तुमच्यासाठी केलों. तुमचं तोंड बघवेना मला."

कनकलताला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, खूप आनंद झाला. त्या दिवशी ती पोटभर जेवली, वर पायसम घेतलं, आणि श्रीनिवासरावांना म्हणाली की पुलाजवळ त्यांना नळ मिळेल, फरशी मिळेल, गवतात बसायला नको, त्यांचंही भलंच आहे. बोलताना आपण जरा जास्तच समजावतोय असं तिला वाटलं खरं. पण ज्यांना समजवायचं ते तिथं नव्हते, आणि श्रीनिवासरावांनी तर काही विचारलंच नव्हतं.

पाणी पायऱ्यांवर कुठवर चढतं ते बघून चौकाची उंची ठरवायची होती. म्हणून ती एका सकाळी एकटीच गेली. तर तिथं पुन्हा एक कुटुंब. कार्य संपत आलेलं. पुरुष वरच्या बाजूला झाडाखाली जानवी, वेष्ट्या सारख्या करत होते, भटजी सामान आवरत होते. आपण मधे कडमडायला नको म्हणून ती एका करंजाला टेकून उभी राहिली. आणखी थोड्या दिवसांनी हे सगळं पुलाकडे जाणार, तेवढं थांबता येईल, असा तिचा विचार.

"तिकडे का उभी? इकडे ये," रुंद पायरीवरच्या एका म्हातारीनं तमिळमध्ये हाक मारली. तिला वाटलं असणार, ही गेलेल्याच्या ऑफिसातली कुणी, नाहीतर लांबच्या नात्यातली. कनकलता पुढं झाली आणि मी त्यातली नव्हे असं सांगायला तोंड उघडलं, तोवर म्हातारीनं तिच्या हातात लुगड्याचं एक टोक दिलंसुद्धा. "वर धर. आणखी वर."

दुसरं टोक म्हातारीनं धरलं. मागे झाडाचा बुंधा, पुढे हे लुगडं, आणि मधल्या एवढ्याशा जागेत एक बाई ओलं लुगडं सोडून कोरडं नेसत होती. नवरा गेलेली. आंघोळ घालून तिला नुकतीच पाण्यातून वर आणली होती, आणि माहेरचं कोरं लुगडं भावानं आणून पायरीवर ठेवलं होतं. दोघी तिला नेसवत होत्या, कारण तिचे हात चालत नव्हते. एक बाई सारखं म्हणत होती, हात वर कर ताई, हात वर कर. कनकलता पाठ करून उभी होती. कपड्याच्या पलीकडे त्या बाईचे दात वाजत होते ते तिला ऐकू येत होतं. एवढ्या उन्हाच्या दिवसांत.

आणि वारा सुटला. ज्या वाऱ्यासाठी तिनं अख्खी इमारत वाकवली होती तो वारा कालव्याच्या वळणावरून आला आणि लुगड्यात शिरला. लुगडं फुगलं, खालून उचललं गेलं. म्हातारी चिडून म्हणाली, "पाय ठेव त्याच्यावर." कनकलतानं काठ पायाखाली दाबला, हात आणखी वर ताणले. दंड भरून आले, खांदे दुखू लागले. समोरच्या काठावरच्या पायवाटेवर मोपेड थांबवून दोन माणसं बघत होती. वाईट माणसं नसतील, रस्त्यावर काही चाललं की माणूस बघतोच. तिनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं, तरी ती हलली नाहीत. मग तिची नजर आपोआप मागे वर गेली, जिथं अजून नुसतं आभाळ होतं तिथं. तिथं तिची गॅलरी येणार होती. कुठंही उभं राहिलं तरी पाणी दिसेल अशी.

आतल्या बायकांनी लुगडं खाली घ्यायला सांगितलं. ती बाई बाहेर आली. तिच्यापेक्षा पुष्कळ लहान होती, चाळिशीचीही नसेल. तिनं कुणाकडेच पाहिलं नाही. म्हातारीनं कनकलताच्या हातून टोक घेतलं, लुगड्याची घडी घातली आणि कोरं लुगडं ज्या पिवळ्या पिशवीतून आलं होतं तिच्यात ती घडी कोंबली. कनकलतानं पिशवीवरचं नाव वाचलं. मग ती माणसं निघाली. त्यांची रीत आपल्यासारखीच, असल्या ठिकाणाहून उठताना येतो म्हणायचं नाही. कुणी कुणाला काही म्हणालं नाही.

ती मागे राहिली आणि त्या रुंद पायरीवर बसली. दगड अजून ओला होता. पायरी रुंद का, ते आता कुणी सांगायला नको होतं. बायकांना गोल करून बसायला. इथं वळण आहे म्हणून हमरस्त्यावरून दिसत नाही, करंज आहेत म्हणून रडून घामाघूम झालेल्या माणसाला गारवा मिळतो, पाणी संथ आहे म्हणून भोवळ आलेल्या बाईला उतरवता येतं. ज्या ज्या गोष्टीसाठी तिनं ही जागा निवडली होती त्या सगळ्या दुसऱ्यांनी आधीच पारखून ठेवल्या होत्या, आणि त्यांना सावलीचा अभ्यास करायला कॉलेजात जावं लागलं नव्हतं. परत जाताना तिनं गाडी पुलाजवळ थांबवली. नव्या शेडची जागा पाहिली. समोर बसचा थांबा, वर पूल, तिन्ही बाजूंनी उघडं. तिथं लुगडं धरायला किती बायका लागतील?

इमारत तिनं फिरवली. स्वतःच्या हातानं, आता कुणी सांगत नसताना. तोंड रस्त्याकडे, कालव्याकडे भिंत. चौकावर काच, काचेखाली एसी. छपराचे थर गेले, गॅलरी गेली. काम सोपं होतं, हात सरावलेला होता. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिनं ते येऊ दिलं आणि काम चालू ठेवलं.

कागद घेऊन ती दुकानात गेली तेव्हा आडीच्या सेलची झुंबड उडाली होती. बायका ढिगाऱ्यातून लुगडी ओढत होत्या, मुलं काउंटरखाली शिरत होती. राजगोपालनं तिला मागच्या खोलीत नेलं. सरोजा तिथं माल वेगळा करत बसली होती. राजगोपालनं कागद पसरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"हा डबा आहे," तो म्हणाला.

"होय."

"डबा नोको म्हणून तर तुमच्याकडे आलों. मी त्या लोकांशी बोललों, जागा बघितलों, अस्कं तुमच्यासाठी. आणि आत्तां तुम्हीच भिंत घालूलालात?" त्याचा आवाज दुखावलेला होता. "मग लोक कुठं येऊन बसतील, अक्का?"

"तुझे लोक रस्त्याकडून येतील. आंत थंड असलं की येतात. हॉलला येतात की." मग ती म्हणाली, "आणि तिकडे लोक येऊन बसतातच, राजगोपाल. आपण बोलावायच्या आधीपासून. पुलाची शेड नोको. ज्यांची जागा आहे त्यांना राहूंदे."

"लोकांनी बघितलं तर अपशकुन म्हणतील."

"म्हणूनच भिंत. तुझ्या गिऱ्हाइकांना ते दिसायचे नाहीत. आणि त्यांना कोणी वरून बघत उभं राहायचं नाही. तेंच मला मुख्य." तिनं बोट कागदावर ठेवलं. "इथं भिंत जरा आंत घेतलें. तेवढी तुझी जमीन जाईल."

भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, करंजांच्या मागे, तिनं एक कोनाडा काढला होता, खोलीएवढा. दार नव्हतं. आत शिरायची वाट वळणाची होती, म्हणजे बाहेरून काही दिसू नये आणि कुणी कुलूपही लावू नये. आत बसायला कट्टा, एक नळ, कपडे अडकवायला खुंट्या. वर करंजाच्या पानांसारखं कौलांचं छप्पर, थरावर थर. सगळ्या इमारतीत तेवढंच तिच्या मनासारखं झालं होतं.

"हे काय?"

"आडोसा. बायकांना लुगडं बदलायला." ती पुढं म्हणाली, "परवा तिकडे एका बाईला नेसवूलाले. मी लुगडं धरून उभी होतें. तिच्या माहेरचं कोरं लुगडं तुझ्या दुकानातलं होतं. पिशवी बघितलें."

बाहेर दुकानात कुणीतरी जरीचा भाव विचारत होतं. राजगोपालनं कागद जवळ ओढला, परत लांब सारला. मुहूर्ताच्या लुगड्यांवर उभं राहिलेलं दुकान, आणि हे लुगडंही आपणच विकतो हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं इतकंच.

"त्या भिंतीवर दुकानाचं नाव नोको," शेवटी तो म्हणाला. "त्या बाजूला कुठलंच नाव नोको."

"माझं पण नोको," कनकलता म्हणाली.

सरोजा एवढा वेळ खाली मान घालून घड्या करत होती. ती उठली आणि कागदावर वाकली. कोनाड्यावरून तिनं बोट फिरवलं, वाटेचं वळण पाहिलं, कट्टा पाहिला.

"आईच्या वेळेला तिरुवैयारला आम्ही गाडीच्या आड उभं राहून बदललों," ती म्हणाली. "दार उघडं धरून. ड्रायव्हरला तिकडे बघ म्हणून सांगून." मग कट्ट्यावरचं बोट वर सरकवून, "अक्का, खुंट्या खाली घ्या. तेव्हां हात वर जात नाहीत."

कनकलतानं पर्समधून पेन्सिल काढली आणि खुंट्या खाली घेतल्या.